धोंडू मेस्ताचं कडक पातं

आरोंद्याच्या तिठ्यावर धोंडू मेस्ताची लोहारशाळा आहे आणि तिच्यासमोर माझं किराणा दुकान. माणूस कामाचा, पण तोंडाचा फार. त्याच्या कोयत्यांचं कौतुक त्याच्याच तोंडून ऐकत मी म्हातारा झालो. त्याच्याकडे एक रीत आहे. नवा कोयता नेताना गिऱ्हाइकाने तो लोखंडी खिळ्यावर मारून बघायचा. खिळा तुटला आणि धार शाबूत राहिली, तरच घरी न्यायचा. धोंडूचा कोयता कधी परत आला नाही. त्यामुळे पोलाद जितकं कडक तितकं चांगलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नेमकी तिथेच माशी शिंकली.

खाडीकाठी मारियान फर्नांडिसच्या घरापुढे हिरवळ आहे. लग्नाबारशाला लोक ती भाड्याने घेतात, त्यावर तिचं घर चालतं. तिचा नवरा कॉन्स्टान्सियो याने कुवेतहून गवत कापायचं मशीन आणलं होतं, हाताने ढकलायचं. त्यात गोल फिरणारी पाती असतात आणि त्यांच्या खाली एक न हलणारं आडवं पातं. दोहोंच्या मध्ये सापडून गवत कात्रीने कापल्यासारखं कापलं जातं. कॉन्स्टान्सियो वारला, तेव्हापासून मारियान ते स्वतः चालवायची. वापरून झालं की पुसून, तेल लावून, मशीनवर नवऱ्याचाच जुना कोट पांघरायची.

गेल्या वर्षी खालचं पातं झिजलं. ते घेऊन ती धोंडूकडे आली. धोंडूने त्यावर कानस ओढली, लगेच भुगा पडला तसा तो हसला. "ह्या पोलाद? ह्या तर शिसां! आता माझा पाता बघ."

ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून त्याने नवं पातं घडवलं, तापवून पाण्यात बुडवत त्याला कडक पाणी दिलं आणि चारचौघांसमोर त्याच्या धारेने खिळा तोडून दाखवला. सगळे वाहवा म्हणाले. त्या दिवशी धोंडू जमिनीवरून चालत नव्हता.

पुढच्या काही महिन्यांत मशीन गवत कापायचं सोडून उपटायला लागलं. हिरवळीचे शेंडे पिवळे पडले. मारियानने धोंडूला बोलावलं. मीही सोबत गेलो, तिच्याकडे चहाबरोबर केक मिळतो म्हणून. धोंडूने मशीन उलटं केलं. खालच्या पात्यावर कानस ओढली, ती नुसतीच घसरली. वरच्या फिरत्या पात्यांवर ओढली, तर लगेच भुगा पडला. ती पाती कडेने पार खाल्ली गेली होती. धोंडूने त्या कडांवरून बोट फिरवलं आणि कानस पिशवीत टाकली. मग म्हणाला, "मारियानबाय, मशिनात खडे गावले. बघून ढकलूक होया गो."

मारियानचा चेहरा उतरला. "माझीच चूक, मेस्तानू. खडे वेचूक होये होते."

तसली फिरती पाती इथे कुठेच मिळेनात. मशीन कोपऱ्यात गेलं. तिठ्यावर बोलणं सुरू झालं, बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार! धोंडू समोर बसून ऐकायचा आणि भाता ओढत राहायचा.

मग एका दुपारी तो माझ्या दुकानात येऊन पोत्यावर बसला. तोंड एवढंसं झालेलं.

"मारियान उन्हात बसान खडे वेचता हा रे. मशीन बंद आसा, तरी वेचता."

"मग?"

"खडे बिडे काय नाय. कानस घसारली तेव्हाच माका कळला. खालचा कडक, वयली नरम. माझ्या पात्यान वयली खाल्ल्यान."

माझं डोकं फिरलं. "आणि तू तिच्यावर ढकललंस? एरवी तुझा तोंड बंद नाय होणा, आणि तेव्हाच खंय गेला होता?"

"लाज वाटली रे. माका म्हणतत, मेस्ताचा पोलाद..."

"ऊठ," मी म्हटलं. दुकान तसंच टाकून त्याला घेऊन गेलो.

मारियान हिरवळीवर उकिडवी बसली होती, बाजूला पत्र्याचा डबा. धोंडूने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातान झाला नाय?"

"नाय गो. माझ्या."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ह्या माझ्या रॉयस्टनाक सांग," एवढंच म्हणाली. रॉयस्टन तिचा मुलगा, बोटीवर असतो.

"लाव फोन. सांगतंय."

"तुझ्या फोनावरसून लाव. माझो तो घेणा नाय."

"कित्या?"

"पप्पाची एक वस्तू तुका सांभाळूक जमली नाय, रॉयस्टन म्हणालो. तेव्हापासून घेणा नाय."

धोंडूने खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. मारियानने पाठ असलेला नंबर सांगितला, तो मीच लावला. रॉयस्टनने उचलल्यावर धोंडूने पुन्हा सगळं सांगितलं, एकही शब्द न चोरता. पलीकडून बारीक आवाजात त्याने आईबद्दल विचारलं, "काका, आवय थंय आसा?"

मारियानने मातीचे हात गाऊनला पुसले आणि फोन घेतला.

"हां रे पुता," ती म्हणाली. "जेवलंस?"

धोंडू तिथेच मान खाली घालून उभा राहिला. त्याला घरी चल म्हणायची माझीही हिंमत झाली नाही.