आईचा अंगठा चालतो, सुनंदाची सही चालत नाही

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय.

माझी बहीण सुनंदा तीस वर्षांची आहे. तिला गोष्टी हळू समजतात, पण समजतात. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते, स्वतःची सही करते.

आज एका दवाखान्यात "पाळीची कटकटच नको" म्हणून डॉक्टरांनी तिची गर्भाची पिशवी काढायचा फॉर्म आईपुढे ठेवला. "हिला काय कळतंय? तुम्ही अंगठा द्या."

आईला वाचता येत नाही, म्हणून नर्सनं तिला सगळा फॉर्म दोनदा समजावून सांगितला.

मी म्हटलं, "तसंच सुनंदाला सांगा की!" नर्सनं आईचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला.

सुनंदानंच आईचा शाई लागलेला हात धरला. "आई, थांब की. पोट माझं हाय."

आम्ही उठून आलो.

आईला दोनदा समजावलं. जिचं पोट कापायचं, तिला एकदाही नाही. का हो?