शेवटच्या अंकातलं पान

बहारीनमधल्या आमच्या इंग्रजी दैनिकाचा नवा प्रकाशक अमेरिकेहून आला, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने आपली कारकीर्द सांगितली. लहानशा गावातल्या पेपरात वार्ताहर, मग संपादक, मग प्रकाशक, मग अनेक पेपर चालवणाऱ्या कंपनीत मोठा अधिकारी. त्यातले बरेचसे पेपर त्याच्याच हातून बंद झाले होते. तो ‘बंद झाले’ म्हणत नसे, ‘ऑनलाइन गेले’ म्हणायचा. बोलायला मात्र फार गोड. मनामाच्या ऑफिसात चहा करणाऱ्याच्या बायकोचं ऑपरेशनसुद्धा त्याच्या लक्षात असे.

मी तिथे पानं लावायचे. वर्षभराने त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि छापील अंक बंद होणार असल्याचं सांगितलं. सित्रा बेटावरचा आमचा छापखाना जाणार होता, माणसांसकट. शेवटच्या अंकात छापखान्याच्या फोरमनवर पूर्ण पान करायचं, मोठा फोटो घालायचा, आणि तोवर कुणाला काही बोलायचं नाही. डिजिटल विभाग मला मिळणार होता.

फोरमन गुहागरकडचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. वीस वर्षांहून जास्त त्या मशीनवर. मी विचारलं, निदान त्यांना तरी आधी सांगायला नको का?

“आधी सांगितलं तर फोटोत हसेल का तो?” प्रकाशक म्हणाला.

मी पानाचा आराखडा करायला घेतला.

फोटोच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आले. प्रकाशकाने स्वतः त्यांची कॉलर नीट केली. तो फोटो काकांनी लगेच घरी बायकोला पाठवला. त्यानंतर रोज मला विचारायचे, ताई, पान कधी येणार? मी म्हणायचे, गुरुवारी. मुलीला कॉलेजात दाखवायचंय, दहा प्रती बाजूला ठेवतो, असं ते म्हणाले.

गुरुवारचा अंक बुधवारी दुपारीच छपाईला सोडला. मथळा मीच लावला होता: ‘निरोप’. खाली, छापखाना आजपासून बंद. काकांना ते पहिल्यांदा कळलं ते मशीनमधून निघालेल्या कागदावर, स्वतःच्या हसऱ्या फोटोखाली.

मशीन थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. पूर्ण अंक छापून झाल्यावर त्यांचा फोन आला.

“ताई, चेहऱ्यावर लाल रंग जास्त येत होता. कमी केला.”

मी बरं म्हणाले.

“तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“आजच कळलं, काका.”

ते म्हणाले, “पान तर आठवड्यापूर्वीचं आहे. कोपऱ्यात पान लावल्याची तारीख आहे तुमची.” आणि फोन ठेवला.

व्हिसा रद्द होऊन महिन्याच्या आत ते गावी गेले. जाण्याआधी ऑफिसात सगळ्यांना भेटून गेले. माझ्या टेबलापाशी आले नाहीत. मीही उठले नाही, स्क्रीनकडे बघत बसले.

प्रकाशक पुढे दुसऱ्या देशात याहून मोठ्या पदावर गेला. मी अजून इथेच आहे, विभाग माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी त्यातल्या दोघींना कमी करायचं होतं. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आणि आधी बराच वेळ त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी केली.