सासऱ्यांच्या ट्रकचं डावं चाक

आता काय सांगू तुम्हाला, अर्धं पुस्तक वाचून माणसानं सासुरवाडीला जाऊ नये. मी गेलो, त्याचं फळ अजून भोगतोय.

माझे सासरे कन्हानचे. नदीतली रेती वाहायला त्यांना लिलावातला एक जुना ट्रक घ्यायचा होता, आणि त्यासाठी घरची बैलजोडी विकायला काढली होती.

"एक चाक रेतीत नुसतं फिरून राह्यलं, तरी दुसरं जोर लावते, असा ट्रक पायजे मले," सासरे म्हणाले.

मी शहरात, धंतोलीत राहणारा कारकून. सायकलची चेन पडली तर रिक्षा करणारा. पण वाचनालयात मोटारीचं पुस्तक चाळलं होतं ना!

"त्याला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल म्हणतात, मामाजी."

"तुमाले वळखता येते?"

"दोन मिनिटांत."

परीक्षा सोपी. मागचं एक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचं. सहज फिरलं तर ती सोय नाही, घट्ट राहिलं तर आहे. लिलावाची जागा उताराची होती, म्हणून गाडी गडगडू नये याची खबरदारीही मीच घेतली. केबिनमध्ये चढून गिअर टाकला. मग डावं चाक उचलून त्याच्याशी झोंबलो. तसूभर हललं नाही.

"आहे, मामाजी. डोळे मिटून घ्या."

त्यांनी घेतला. बैलजोडी शेजारच्या गुलाबरावांकडे गेली. ट्रकला हार घालून, मला शेजारी बसवून सासरे थेट नदीच्या मऊ रेतीत शिरले.

"तिकडं नोका जाऊ जी, फसान," काठावरून लोक सांगत होते.

"जावईबापूनं तपासला हाय," सासरे हसून म्हणाले.

पन्नास पावलांवर ट्रक रुतला. डावं चाक गरगर फिरत होतं आणि उजवं जावयासारखं स्वस्थ बसलं होतं.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, चाक तपासलं तवा गाडी न्यूट्रल होती ना?"

मी नदी बघू लागलो.

"गिअर टाकल्यावर कोन्त्याच ट्रकचं चाक हातानं फिरत नाही जी. इंजिनच धरून ठेवते त्याले."

लाजेनं रेतीत गडप व्हावंसं वाटलं, पण तिथे ट्रक आधीच जाऊन राहिला होता.

शेवटी गुलाबराव तीच बैलजोडी घेऊन आले. बैल ओढू लागले तरी चाक फिरतच होतं. सासऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. तेव्हा माझं वजन चांगलं ऐंशी किलो.

"जावईबापू, मांगं चढा. डाव्या चाकावर बसा."

मी बसलो. आणि खरं सांगतो, चाकानं रेती धरली, ट्रक निघाला.

तेव्हापासून दर रविवारी कन्हानहून निरोप येतो. त्या ट्रकमध्ये ती सोय नव्हती हे कबूल. आता आहे. मागे फाळका धरून, डाव्या अंगाला बसते.