शेगडीकाकांचा झरोका

मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे, त्यांत पहिलं नाव दत्तात्रय पांचाळ यांचं. आईवडिलांचं नाव मी दुसरं घेतो आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांना सगळं सांगून झालं आहे. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी घरांत मात्र दत्तात्रय पांचाळ म्हटलं तर कोणी पटकन ओळखणार नाही. तिथे ते शेगडीकाका. हिवाळ्यात सकाळी कोणी मोडकी खुर्ची घेऊन त्यांच्या वर्कशॉपच्या दारात उभं राहिलं, की काका ती अलगद हातात घेत, भिंतीशी ठेवत आणि म्हणत, "हिला आधी ऊब घेऊ दे. मग विचारू काय दुखतंय." त्यानंतर तास-दीड तास त्या खुर्चीला कोणी बोट लावायचं नाही. खुद्द काकांनीसुद्धा नाही.

गार लाकडावर सरस धरत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र होतं. पण काका ते अशा गांभीर्याने पाळत, की आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, मागच्या बाजूला एका जुन्या आवारात विटांचे चार गाळे होते. त्यांतला शेवटचा काकांचा. शेजारी टायर बदलणारा ग्रॅहम. वर्कशॉपला हीटर नव्हता. होती ती ओतीव लोखंडाची, कमरेएवढ्या उंचीची कोळशाची शेगडी, कुठल्याशा लहान स्टेशनच्या वेटिंग रूममधून भंगारात निघालेली. काकांनी ती आणली तेव्हा तिला तीनच पाय होते. काका तेव्हा एका फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. कारखाना बंद होणार हे ठरलं होतं. त्यांनी चौथ्या पायाचा साचा घरी केला आणि शेवटच्या आठवड्यात शेवटच्या ओतकामात तो पाय ओतून घेतला. कारखाना गेला, पाय राहिला. शेगडी पाहायला येणाऱ्यांना काका चारही पाय दाखवत आणि विचारत, "यातला माझा कुठला?" कोणालाही ओळखता येत नसे. तेवढाच त्यांचा गर्व.

मी तिथे पोहोचलो तो नोकरी गेल्यामुळे. आमच्या मोर्शीच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील नगरपालिकेत नळाचं पाणी सोडायचे, आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर होऊन विलायतेला गेलो याची बातमी त्यांनी पाण्याबरोबर गल्लोगल्ली पोहोचवली होती. सात महिन्यांत स्लाऊच्या आमच्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. माझ्या वर्क परमिटवर त्या एकाच कंपनीचं नाव होतं. नवी कंपनी मिळून तिने कागद केले नाहीत तर परत जायचं. हे वडिलांना कसं कळवायचं, या विचाराने मी भाड्याच्या खोलीत कोट घालून बसून असायचो. देवळात कोणीतरी काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते खोलीवर आले, खोलीतला गारठा पाहिला आणि म्हणाले, "अर्जच लिहायचे ना? माझ्या बाकावर बसून लिही. तिथे निदान बोटं तरी वळतील."

मग मी रोज तिथे जाऊ लागलो. काका मला नावाने हाक मारत नसत. ते मला 'बी.ई.' म्हणत. "अरे बी.ई., जरा हा शिकंजा धर." स्वतः सातवी शिकलेले. पण त्यात टोमणा कधी जाणवला नाही. उलट ती दोन अक्षरं ते अशी उच्चारत, की माझी मलाच आपल्या पदवीची आठवण व्हायची.

एकदा त्यांनी माझा अर्ज वाचायला मागितला. आमच्या शाळेत मास्तरांनी शिकवलेल्या धाटणीने मी तो लिहिला होता: महोदय, अत्यंत नम्रतापूर्वक विनंती की, मला एक संधी देऊन उपकृत करावे. काकांनी चष्मा वर सरकवला.

"तू काम मागतोयस की पाय धरतोयस?"

मी म्हटलं, आम्हाला असंच शिकवलंय.

"मला साहेबाने विचारलं होतं, काय येतं? मी म्हटलं, लाकूड. दुसरा शब्द इंग्रजीत येतच नव्हता. तुला तर पानभर येतंय. तेवढंच लिही."

मी तेवढंच लिहिलं. मिल्टन कीन्सच्या ज्या कंपनीने पुढे मला घेतलं, ती त्याच अर्जावरून.

शेगडी पेटवण्याचा त्यांचा एक क्रम होता. आधी राख चाळायची, अर्धे जळलेले कोळसे वेगळे काढायचे. मग धुराड्याच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. आणि मग, काडी ओढण्याआधी, मागच्या भिंतीपाशी जाऊन एका विटेएवढ्या जाळीसमोर तळहाताची मागची बाजू धरायची. बाहेरचा वारा हाताला लागला की मान हलवायची. त्या जाळीला ते झरोका म्हणत. बाहेर बर्फ असला की त्या झरोक्यातून सुरीसारखी हवा यायची आणि ती नेमकी काकांच्या पाठीवर. त्या वर्षी त्यांना खोकला होता. मी दोनदा म्हटलं, काका, हे बुजवून टाकू या. ते म्हणाले, "थोडी थंडी आत येऊ द्यायची असते." कारण त्यांनी सांगितलं नाही. इंजिनिअरला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल.

मोर्शीचं आमचं घर कौलारू. आई हिवाळ्यात खोलीच्या मधोमध कोळशाची शेगडी ठेवायची, खिडकीत पोतं कोंबायची, आणि आम्ही सगळे भोवती बसायचो. धूर असो, वाफ असो, सगळं कौलांच्या फटींतून आपली वाट शोधायचं. खिडकी बुजवल्याने कोणाला काही झाल्याचं मी पाहिलं नव्हतं. दहनाला किती हवा लागते याचं गणित मात्र मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवून सोडवलं होतं. ते गणित आणि आईची शेगडी एकाच गोष्टीबद्दल आहेत, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

फेब्रुवारीतली सकाळ होती. शेगडी पेटवून झाली होती आणि काका ग्रॅहमकडे काहीतरी बोलायला गेले होते. मी खुंटीवरचं त्यांचं जुनं जाकीट घेतलं, घडी घातली आणि झरोक्यात घट्ट बसवलं. पुढे एक फळी उभी केली. त्यांच्या पाठीला वारा लागणार नाही, याचा मला आनंद झाला. ते परत आले आणि देव्हाऱ्याच्या पट्ट्या कापायला बसले.

दुपारपर्यंत माझं डोकं ठणकू लागलं. मला वाटलं, फ्लू. काका नेहमीपेक्षा गप्प होते. मग त्यांनी एक पट्टी कापली, जागेवर लावून पाहिली आणि तिच्याकडे बघत राहिले. पट्टी बोटभर आखूड होती. त्यांच्या हातून माप चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, त्यांनीही नाही. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे.

"दार उघड," ते म्हणाले. उठले आणि तिथेच कोसळले.

मी दार उघडलं, त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि ओरडलो. ग्रॅहम धावत आला, त्याने अँब्युलन्स बोलावली. बर्फाळ फरशीवर माझ्या कोटावर काका पडले होते. डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, "झरोक्यात काय घातलंस?"

"तुमचं जाकीट."

ते थोडा वेळ श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "तू आत काम करत नव्हतास. भेटायला आला होतास. कळलं?"

तेव्हा मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. नव्या कंपनीने माझे कागद नुकतेच सरकारकडे पाठवले होते. परवान्यावर नाव नसलेल्या ठिकाणी मी महिनाभर रंधा मारत होतो, लाकूड धरत होतो. काका मला त्याचं काही देत नव्हते, पण तपासायला आलेल्या माणसाने ते कसं पाहिलं असतं, कोण जाणे. आवाराच्या मालकाबरोबर तो सुरक्षा अधिकारी हॉस्पिटलमध्ये आला तेव्हा मी खाटेशेजारी उभा होतो. कोळशाचा विषारी वायू आत साचला तो झरोका बुजल्यामुळे; तो कोणी बुजवला, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाले, "मीच. म्हातारपणी थंडी सोसत नाही."

त्याने ते लिहून घेतलं.

त्यांची मुलगी शीलाताई रेडिंगहून आली होती. तिचा जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं. कॉरिडॉरमध्ये तिने माझे दोन्ही हात धरले. "बाबा आता विसरते सगळं. तू नसता, तर मी आज... थँक यू. रिअली." मी त्या हातांकडे बघत राहिलो. तेव्हा सांगता आलं असतं.

मालकाने शेगडी बंद करायला लावली. विजेच्या छोट्या हीटरवर तो गाळा तापेना, आणि गार लाकडाला हात लावायचा नाही हा नियम काकांनी मोडला नाही. पुढच्या हिवाळ्याआधी त्यांनी वर्कशॉप सोडलं. ग्रॅहमने शेगडी आपल्या गाळ्यामागे ताडपत्रीखाली ठेवून घेतली. मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर इतकी वर्षं काका करत. त्या वर्षी ते वेम्बलीहून तयार आणलं. काकांना त्रास नको, असं सगळे म्हणाले. हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, कुठेही गेले की कोणीतरी हसत विचारायचं, "काय काका, निघताना गॅस बघितलात ना?" काका हसायचे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात झरोक्याला हात लावून पाहिल्याशिवाय काडी ओढली नाही, तो त्या गावात विसराळू म्हातारा ठरला.

माझे कागद झाले. मिल्टन कीन्सला निघायच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मी शीलाताईंना सांगून टाकतो. ते म्हणाले, "तुझं इथलं राहणं पक्कं होऊ दे. मग सांग. तोवर नाही."

राहणं पक्कं झालं. त्याचा कागद आला त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला. काकांनी घातलेली मुदत संपली होती आणि मी गप्प राहिलो. आधी वाटलं, इतक्या दिवसांनी कशाला. मग लग्न झालं, घर झालं, लोक मला सल्ला विचारू लागले. दर दिवाळीला मी काकांना फोन करायचो. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

गेल्या महिन्यात रेडिंगला शीलाताईच्या घरी त्यांना भेटायला गेलो. ताई दुकानात गेली होती. मी म्हटलं, काका, चहा करू या. स्वयंपाकघरात गेलो तर गॅसच्या चारही बटणांच्या जागी नुसत्या दांड्या होत्या. ताई बाहेर जाताना बटणं काढून पर्समध्ये घेऊन जाते. काका ओट्याला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

"चहा मागावा लागतो आता," ते म्हणाले. "ती आली की करेल."

घरी आल्यावर त्याच आठवड्यात मी जे पत्र लिहून पोस्टात टाकलं, ते असं:

ती. काकांस सा. न.

तुम्ही म्हणाला होतात, राहणं पक्कं झालं की सांग. ते होऊन दोन वर्षं झाली. ही दोन वर्षं माझी आहेत, त्यांत तुमचा काही भाग नाही.

काल रात्री शीलाताईंना फोन करून सगळं सांगितलं. झरोक्यात जाकीट मी घातलं, फळीही मीच लावली, तुम्ही मला दोनदा नाही म्हणाला होतात, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि मी तुला थँक यू म्हटलं." त्यांनी फोन ठेवला. आज सकाळी त्यांचाच फोन आला. त्या रडत होत्या, पण माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

मंडळालाही लिहिलं आहे. येत्या बैठकीत वाचून दाखवा, अशी विनंती केली आहे; आणि त्यांनी वाचलं नाही तर मी स्वतः उभा राहून वाचणार आहे. ते पत्र लिहिताना तुमची आठवण ठेवली. नम्रतापूर्वक वगैरे काही नाही. जे केलं तेवढंच लिहिलं.

ग्रॅहमला भेटलो. शेगडी ताडपत्रीखाली आहे, थोडी गंजली आहे. चारही पाय शाबूत आहेत. तुमचा कुठला ते मला अजूनही ओळखता आलं नाही.

मला माफ करा असं लिहिणार होतो, पण ते पुन्हा तुमच्याकडे काहीतरी मागणं होईल. तुम्ही रागावलात तरी चालेल. ताई म्हणाल्या, बटणं आजच लावते.

मी रविवारी सकाळी येतो. मी ओट्याला हात लावणार नाही. चहा तुम्ही करा.

तुमचा,
बी.ई.