शेवटकाकू गप्प बसल्या तेव्हा

माझ्या मोठ्या जाऊबाई बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतात. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर दातांची कवळीसुद्धा त्यांच्या ताब्यात आली होती. वस्तू शोधत आलेला माणूस सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतो. कुठे चढलो, कुणाशेजारी बसलो, कंडक्टर कसा उर्मट होता. जाऊबाई ऐकून घेतात, पण दुसऱ्याच वाक्याला त्यांचा हात मागच्या फळीवर गेलेला असतो.

त्या सवयीमुळेच असेल, सिनेमाचा शेवटही त्या मध्यंतराआधी सांगून मोकळ्या होतात. हळू आवाजात सांगणं त्यांना जमत नाही. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात, कुणी "अहो काकू" म्हणून हात जोडतं, एका गृहस्थांनी तर त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे परत मागितले होते. म्हणून डेपोत आणि आमच्या इमारतीत त्यांना शेवटकाकू म्हणतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. कधी अंदाज फसलाच तर त्या सिनेमावाल्यांना दोष देतात. शेवट चुकवलाय मेल्यांनी, म्हणतात.

अशा बाईला जावई मिळाला तो सिनेमाच्या कथा लिहिणारा. लिहिणारा म्हणजे दार लावून लिहिणारा. पडद्यावर अजून काही आलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून दोघं जाऊबाईंच्याच मागच्या खोलीत राहत होती. पुतणी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला जायची आणि घर चालायचं. जावईबापू स्वभावाने गरीब, चहाचा कप स्वतः विसळून ठेवतात. एकाच बाबतीत ताठ. गर्दी खेचणारे सगळे मोठे सिनेमे म्हणजे उष्टं अन्न, कुणी आजीच्या गोष्टीतून उचललेलं, कुणी परदेशातून, आणि आपण लिहू ते मात्र जगात कुणी लिहिलेलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा जेवताना म्हटलं, मी रोज देवासमोर तेच स्तोत्र म्हणते, त्याने कधी नवीन काहीतरी म्हण असं सांगितलं नाही.

"देवाला तिकीट काढावं लागत नाही ना, काकू," ते नम्रपणे म्हणाले. मी आमटी वाढली.

पुतणीचा धीर मात्र संपत आला होता. या वेळी कथा विकली गेली नाही तर जावईबापूंनी तिच्या मामांच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं आणि त्यांनी मान खाली घातली. मामा फोनवर विचारायचे, काय, खुर्ची पुसून ठेवू का?

तेवढ्यात एका बड्या निर्मात्याने कथा ऐकायचं कबूल केलं. त्या आनंदात जावईबापू बढाई मारून बसले. माझ्या सासूबाई कुठल्याही सिनेमाचा शेवट मध्यंतराआधी ओळखतात, म्हणाले, त्यांना बोलवा, माझा ओळखता आला तर बोला. निर्मात्याला गंमत वाटली. आणा म्हणाला.

मग घरात शिकवणी सुरू झाली. मुलीने आईला बजावलं की आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कळलं तरी कळलं नाही म्हणायचं. जाऊबाईंनी विचारलं, आणि खरंच नाही कळलं तर? मुलगी म्हणाली, मग प्रश्नच नाही. त्यावर जाऊबाई इतक्या दुखावल्या की त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेवटी त्यांना धाकात ठेवायला मला सोबत पाठवायचं ठरलं. दुसऱ्याच्या भल्यासाठी गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी देवाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही.

निर्मात्याची खोली इतकी गार होती की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. भिंतीवर त्याच्या सिनेमांची मोठमोठी चित्रं. सगळ्यांत एक माणूस पाठमोरा उभा आणि मागे काहीतरी जळतंय. निर्माता ठेंगणासा, बोलायला गोड. त्याने आम्हाला बिस्किटं दिली आणि जावईबापूंनी वाचायला सुरुवात केली.

समुद्राच्या तळाशी काचेचं शहर. तिथे एक निर्दयी राणी. वरून एक अनाथ पाणबुड्या येतो, पकडला जातो. त्याच्या सोबत्यांना राणी एकेक करून शार्कपुढे टाकते. याला मात्र तुरुंगात ठेवते आणि जाता जाता म्हणते, केस ओले ठेवू नकोस.

जाऊबाईंनी मला कोपर मारलं. एवढ्या जोरात, की माझं बिस्किट खाली पडलं. मी त्यांचा हात धरून ठेवला. पुढे शिंपल्यांची यंत्रं झाली, प्रकाशाच्या तलवारमाशांवरून लढाई झाली, आणि माझ्या मुठीत त्यांची बोटं नुसती तडफडत होती.

मध्यंतर आलं. निर्मात्याने विचारलं, "बोला काकू, शेवट काय?"

जाऊबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. "नाही बाई. काही पत्ता लागत नाही."

जावईबापूंचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. पण निर्मात्याने जावईबापूंच्या हातातली फाइल घेतली, मिटली आणि परत त्यांच्याच पुढे सरकवली. म्हणाला, लेखक हुशार आहे, पण हे आपल्याला झेपायचं नाही.

"पण तुम्हाला नवीन हवं होतं," जावईबापू म्हणाले.

निर्माता प्रेमाने समजावू लागला. नवीन हवं म्हणजे जाहिरातीत हवं. समुद्र नवीन, राणी नवीन, कपडे तर कुणी कधी पाहिले नसतील असे. पण एवढा पैसा पाण्यात घालायचा तर खाली पाय टेकायला ओळखीची जमीन नको का? काकूंसारख्या बाईला शेवट दिसत नसेल तर सगळं थिएटर चाचपडत बसणार. त्याने काकूंना बोलावलं होतं ते त्यांना शेवट कळतोय ना, एवढंच बघायला.

माझी मूठ आपोआप सुटली. जाऊबाई उभ्या राहिल्या.

"राणी त्याची आई आहे," त्या म्हणाल्या. "समुद्राच्या तळाशी परक्या पोराला केस पुसायला कोण सांगतं? शेवटी शार्क त्याच्यावर सुटणार आणि ही मध्ये जाणार. मरताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार. मला तिसऱ्या पानावर कळलं होतं. घरच्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं म्हणून गप्प बसले."

 निर्माता जावईबापूंकडे वळला. सासू जावयासाठी काहीही बोलेल, तेव्हा तुम्ही सांगा, म्हणाला, शेवट हाच आहे का?

मी मनात देवाचं नाव घेतलं, पण काय मागायचं ते सुचेना. नाही म्हणाले तर जगात कुणी न लिहिलेली कथा घेऊन ते टायरच्या दुकानात बसणार होते. हो म्हणाले तर सिनेमा होता.

"हो," जावईबापू म्हणाले. "डोक्यावरून हातसुद्धा फिरवते."

निर्मात्याने चहा मागवला.

 जिना उतरताना जावईबापू एका पायरीवर थांबले. "आई, मला खरंच वाटलं होतं, हे मलाच सुचलंय."

"सुचलंच की," जाऊबाई म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना आधी सुचलं असेल, त्यांनाही असंच वाटलं असेल."

सिनेमा धो धो चालला. जाहिरातीवर लिहिलं होतं, आजवर कुणी न सांगितलेली कथा. मुलगी आणि जावई दोन खोल्यांच्या स्वतंत्र घरात गेली. मामांनी त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला आणि जावईबापू मुलाखती देऊ लागले.

परवा ते नव्या कथेची सुरुवात वाचून दाखवायला आले. एक म्हातारा रोज सकाळी आपल्या घराचा नंबर बदलतो, एवढंच होतं. का बदलतो, ते काही केल्या कळेना. माझे तर हातातले वाटाणे सोलायचे राहिले.

"ओळखू येतंय का काही?" त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी बराच विचार केला. "नाही हो. या वेळी खरंच नाही. पुढे काय होतं?"

जावईबापू घाबरून माझ्याकडे बघू लागले. मीही नाही अशी मान हलवली. त्यांनी ते पान घडी घालून खिशात टाकलं आणि लवकरच दुसरं काहीतरी आणतो म्हणाले.