खुट्यांमधला चिखल

बाबांचे हात थरथरतात. बंदरावरच्या गोदामात, परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांतली कीड मारायला ते विषारी वायू सोडायचे. त्याला रंग नाही, वास नाही. पुढे हात कापू लागले, नोकरी सुटली. तेव्हापासून चारचौघांत ते चहाच्या कपाला हात लावत नाहीत.

तोच वायू वर जाऊन ओझोनचा थर पोखरतो. आणि आमच्या गावच्या खाडीकाठच्या चिखलात तो खाऊन जगणारे जिवाणू आहेत. मी त्यांचाच अभ्यास करते म्हटल्यावर बाबा कितीतरी दिवसांनी हसले. "मला बाधला तो त्यांना पचतो व्हय?" मग फोनवर आधी हेच विचारायचे, "तुजी पोरं जेवली का?"

खाडीचा बहुतेक काठ मुरूम टाकून बुजवलाय, ट्रक उभे करायला. उरलेल्या तुकड्यात खुट्या ठोकून मी एक चौकोन आखला होता. दरवर्षी तिथलाच चिखल तपासायचा, म्हणून तिथे कुणी पाय ठेवायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात उधाणाने बांधाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं. अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर जातो, आणि जाणत्याने खुट्या ठोकल्या असतील तिथलाच चिकट चिखल काढतो. मी याच गावची, तरी खुट्याच ठोकल्या. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मी पोचले तेव्हा चौकोनाच्या जागी गढूळ पाण्याचा खड्डा होता. माझा सगळा चिखल बांधाच्या पोटात दाबून बसवला होता. तिथे ना हवा, ना तो वायू; माझे जिवाणू उपाशीच मरणार. बाबा कोपरापर्यंत माखून बांधावर बसले होते.

"तुज्या खुट्या दिसल्या, तं सगल्यांना तिथंच नेला. लोन्यासारका चिखल! मीपन ढेकलं वाहिली."

संतापाने माझे कान तापले. एवढ्या वर्षांचं काम गेलं होतं. ओरडणारच होते, तेवढ्यात कुणीतरी चहा आणला. बाबांनी सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी कप धरला आणि प्यायले. थोडा सदऱ्यावर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही.

"तुजी पोरं जेवली का?" त्यांनी विचारलं.

"जेवली," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. उरलेल्या तुकड्यावर डंपर मुरूम ओतत होता.