ओहळापलीकडची जीप

जीप ओहळाच्या पलीकडे होती आणि तिच्यात बसवायचं इंजिन अलीकडे, माझ्या टेम्पोत. मधली फरशी, म्हणजे ओहळावरचा काँक्रीटचा बुटका पूल, पावसात वाहून गेली होती. दोन्ही काठ कोसळले होते. पाणी गुडघ्याच्या वर आणि खाली नुसते गोटे.

"बेन, आ तो नहीं जाय," हसमुखभाई म्हणाले.

हसमुखभाई माझे फिटर. गुजरातेतल्या उमरगावचे. माझं गॅरेज तलासरीला, हायवेला लागून. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकले, तेव्हापासून याच धंद्यात आहे.

जीप लहानूदादांची. रानशेतच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्यांचा पाडा. पाड्याच्या वर आणखी दोन पाडे, आणि तिन्हींत मिळून चाकं असलेली ही एकच वस्तू. पाऊस असो-नसो, आजारी माणूस ती जीप ओहळापर्यंत खाली आणायची. अलीकडे रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी असायची. श्रावणात जीपच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला. हा रॉड पिस्टनची ताकद खालच्या शाफ्टला देतो. तुटलेला रॉड आत गरगर फिरला आणि इंजिनाच्या मुख्य लोखंडाला, ब्लॉकला, मूठ जाईल एवढं भोक पाडून बाहेर आला. तेव्हापासून आजारी माणूस झोळीत घालून, बांबूवर लटकवून उतरवत होते. निसरड्या उतारावर.

त्या जुन्या इंजिनाचे पार्ट आता मिळत नाहीत. म्हणून वेगळं इंजिन शोधलं. एका पिकअपची बॉडी चेपली होती, पण इंजिन चांगलं होतं. वेगळं इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी आधी लागते, ती काढली. दोन्ही इंजिनं डिझेलचीच, पण गिअरबॉक्सला जोडायची भोकं जुळत नव्हती. ओहळ ओलांडून जाऊन मी पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं तोंड उतरवून आणलं, आणि त्यावरून जाड लोखंडाची अडॅप्टर प्लेट करून घेतली. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. इंजिन ज्यावर बसतं ते पायेही तलासरीलाच बनवले. पाड्यावर फक्त बोल्ट आवळायचे होते.

राहिला ओहळ.

"कापणी चालू आहे," लहानूदादा म्हणाले, "पण माणसं येतील."

ती आली. हातातले विळे काठावर ठेवून दहा-बारा जण पाण्यात उतरले. बायकाही होत्या. इंजिन साखळीने दोन जाड बांबूंना बांधलं. दोन क्विंटलच्या आसपास वजन. गॅरेजमध्ये ते हलवायला मी क्रेन वापरते.

लहानूदादा पुढे. पायाखाली जे लागेल ते ओरडून सांगायचे.

"गोटा!"

मागचे सगळे म्हणायचे, "गोटा!" आणि पाय उचलायचे.

"खोल!"

"खोल!"

मध्यावर एकाचा पाय सरकला. तो कमरेपर्यंत पाण्यात गेला, पण त्याने बांबू सोडला नाही. बाकीचे थांबले, तो उठेपर्यंत तसेच उभे राहिले, आणि पुन्हा चालू लागले. मी मागून गॅस्केटची, म्हणजे सांध्यांत बसवायच्या पट्ट्यांची, पिशवी डोक्यावर धरून येत होते. पलीकडे पोचल्यावर पाहिलं, इंजिनाच्या खालच्या अंगाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. लोकांनी बांबू खाली ठेवले, पाणी प्यायले आणि विळे आणायला परत गेले.

जीप आंब्याखाली उभी होती. आंब्याच्या फांदीला चेनकप्पी बांधून आम्ही जुनं इंजिन काढलं, नवं टांगलं. खरं काम इथून पुढे. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यायला हवेत. केसभर फरक राहिला तर गाडी थरथरते आणि महिन्याभरात बेअरिंग जातं. हसमुखभाई गेज लावून काटा बघत होते. मी इंजिनाच्या पायांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सारत होते. दुपारभर तेच.

"बस," ते शेवटी म्हणाले. "काटो हालतो नथी."

दुसऱ्या दिवशी पाइप, वायर, रेडिएटर जोडले. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली, कारण हवा राहिली तर इंजिन उचलत नाही. पहिल्या स्टार्टला मी एअर फिल्टर लावत नाही. इंजिनाचं हवा ओढायचं तोंड उघडं ठेवते आणि प्लायचा एक तुकडा जवळ ठेवते. का, ते पुढे कळेल.

लहानूदादांच्या बायकोने, सोनीवहिनीने, बॉनेटसमोर पाट मांडला. वर नारळ, कुंकू. वरच्या पाड्यातली म्हातारी माणसंही येऊन बसली होती.

"मारा स्टार्टर," मी म्हटलं.

इंजिन लगेच उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आवाज चढू लागला.

"दादा, ॲक्सिलरेटर सोडा!"

"पाय वर आहे ताई!"

आवाज चढतच गेला. मी डिझेल बंद करायची स्टॉप केबल ओढली. काही नाही. लहानूदादांनी चावी काढून हातात घेतली, तरी इंजिन थांबेना. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, चावी काढली की ठिणगी बंद. डिझेलला ठिणगी लागतच नाही. डिझेल आणि हवा मिळत राहिली की ते चालत राहतं, वेग वाढत जातो, आणि शेवटी ते स्वतःला फोडून घेतं. याला आमच्याकडे इंजिन पळालं म्हणतात. त्याआधी मी ते फक्त ऐकलं होतं.

काळा धूर आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेला. जमीन पायाखाली थरथरत होती. म्हातारी माणसं शेताकडे धावली.

"बेन, भागो!" हसमुखभाई ओरडले.

मी प्लाय उचलून हवेच्या तोंडावर दाबला. इंजिनाने तो आत ओढला. पापडासारखा मोडला. अर्धा तुकडा माझ्या हातात.

"फळी द्या! जाड काहीतरी!"

सगळे इंजिनापासून लांब पळत होते. एकटी सोनीवहिनी इंजिनाकडे पळत आली. नारळ उडवून लावून तिने पाट माझ्या हातात दिला, आणि मी तो तोंडावर दाबला तेव्हा तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर होते. पाट चिकटला. आता आम्ही तो दाबत नव्हतो, इंजिनच ओढून धरत होतं. सगळी जीप एकदा हादरली, दोनदा हादरली, आणि आवाज खाली आला. थांबला.

मग कापलेल्या भाताचा वास आला. तोपर्यंत तो जाणवलाच नव्हता.

लहानूदादा स्टिअरिंगवरच बसून होते. चावी मुठीत. "ताई," ते हळूच म्हणाले, "एवढी ताकद आहे याच्यात?"

"आहे."

"मग चढेल वर."

मला हसूच आलं.

डिझेलचा पंप काढून डहाणूला पंपवाल्याकडे नेला. किती डिझेल जायचं ते आतली एक बारीक दांडी ठरवते. ती पूर्ण उघड्या जागी अडकली होती. बाहेरचा लिव्हर हलत होता, आतली दांडी हलत नव्हती. पंपवाल्याने ती काढून उजेडात धरली. तिच्यावर गंजाचा ठिपका होता, तिळाएवढा. बारा माणसांनी खांद्यावर आणलेलं ते लोखंड त्या तिळाने वेडं केलं होतं. मी ती दांडी बराच वेळ हातात घेऊन बसले.

पंप साफ करून बसवला, हवेच्या तोंडात गेलेले प्लायचे तुकडे काढले. या वेळी आधी तीनदा बंद करून पाहिलं. मग लहानूदादा भाताची पोती आणि पोत्यांवर बसलेली माणसं घेऊन वरच्या पाड्याकडे निघाले. जुनं इंजिन त्या चढाला पहिल्या गिअरवर रडत जायचं. हे दुसऱ्या गिअरवर गेलं. हसमुखभाई आणि मी खाली उभे राहून ऐकत होतो. वळणाआड गेल्यावरही आवाज एकसारखा होता. हसमुखभाईंनी टोपी काढली, आणि का काढली ते बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

थंडीत फरशी दुरुस्त झाली. जीप आरटीओच्या पासिंगला गेली, पास झाली. पण त्याआधीच एका सकाळी लहानूदादांचा फोन आला. वरच्या पाड्यातल्या एका आजीला साप चावला होता. तिला जीपने ओहळाशी आणून, अलीकडे उचलून घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

"झोळी नाही करावी लागली, ताई," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गॅरेजमध्ये शिकायला येणारे पहिला प्रश्न विचारतात, इंजिन सुरू कसं करायचं. मी सांगते, आधी बंद करायला शिका. एका उपायाने नाही, दोन उपायांनी. आणि दुसरा उपाय प्लायचा नको.